बंदुकीची तपासणी होते, नियम तीनची कधी होणार?

गडचांदूरला माझे अर्ज लिहून देण्याचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे छोटेसे काम आहे. जातीचा दाखला, निराधारची फाईल, सातबाऱ्यातली चूक, सिमेंट कारखान्यात गेलेल्या जमिनीचा अर्ज, असे माझे रोजचे गिऱ्हाईक. त्यामुळे मागे एक सत्तरीचे गृहस्थ दुकानात येऊन "भाऊ, बंदुकीची तपासणी हाये, फाईल नीट लावून दे" म्हणाले, तेव्हा मला जरा नवल वाटले.

हे काका जुन्या वतनदार घरातले. आजोबांपासून घरात हत्यारे. स्वतःला ते शौकीन संग्राहक म्हणवतात. बारा बोअरची डबल बॅरल, एक रायफल, भिंतीवर टांगलेली गंजलेली भरमार बंदूक आणि दसऱ्याला पूजेसाठी खाली उतरणाऱ्या दोन तलवारी. पूर्वी परवान्यावर तीन बंदुका होत्या. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, एका माणसाला दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली, आणि जादा बंदूक जमा करायला एक वर्षाची मुदत मिळाली. त्यात त्यांची एक बंदूक गेली. त्या बंदुकीबद्दल ते एखाद्या गेलेल्या नातेवाईकाबद्दल बोलावे तसे बोलतात.

तीन दिवस आम्ही फाईल लावत होतो. परवान्याचे पुस्तक, त्यावरचा युनिक नंबर, नूतनीकरणाची तारीख. बंदुकीच्या नळीवरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक एकच आहे ना, हे भिंग लावून पाहिले. काडतुसे किती घेतली, किती उडवली, किती शिल्लक, याचा दुकानदाराच्या पावत्यांसह हिशेब. जमा केलेल्या बंदुकीची पोच. भरमार बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला फक्त जुनी वस्तू म्हणून मोल आहे, असे वेगळे निवेदन. कारण अशा निकामी जुन्या हत्यारांना शस्त्र कायद्याचे कलम ४५ सूट देते. लोखंडी कपाटाची किल्ली कोणाकडे असते, तेही लिहिले. तपासणी झाली. दहा मिनिटांत सगळे बरोबर निघाले. काका खूश होऊन पेढे घेऊन आले.

मी सहज विचारले, "काका, शेवटची गोळी कधी चालवली?"

काका हसले. म्हणाले, "चालवाची कायले लागते, भाऊ? घरात बंदूक हाये एवढं गावाले माहीत असलं म्हणजे झालं."

मित्रांनो, काकांनी हे कोणाला धाक घालायला म्हटले नाही. माणूस म्हणून ते बरे आहेत, माझे पैसे कधी बुडवले नाहीत. पण ते वाक्य ऐकून मला माझी आई आठवली. दुसऱ्या गावची, चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कापूस वेचणीची मजुरी थकली की आई आणि वस्तीतल्या बायका मालकाच्या ओट्यापाशी जायच्या. मालक नेमका त्याच वेळी बंदूक पुसत बसलेला असायचा. तो कधी शिवी द्यायचा नाही, बंदूक उचलायचा नाही. फक्त पुसायचा. बायका थोडा वेळ उभ्या राहून परत यायच्या. या प्रकाराचा एफआयआर कोणत्या कलमाखाली होणार? त्या बंदुकीची तपासणी झाली असती, तर तिचेही सगळे कागद बरोबरच निघाले असते.

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. शासन बंदूक तपासते. ती बंदूक कोणत्या गावात, कोणाच्या ओट्यावर आणि कोणाच्या वस्तीसमोर आहे, हेही तपासायला कायद्याने सांगितले आहे. ही दुसरी तपासणी आपण कधी मागितलीच नाही.

हत्यार कोणाच्या हाती, हा जातीचाच प्रश्न

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण आपण सगळ्यांनी वाचले आहे. या देशात खालच्या थरातल्या माणसांनी इतका अन्याय सोसूनही सामाजिक क्रांती का झाली नाही, याचे उत्तर त्यांनी त्यात दिले. चातुर्वर्ण्याने शूद्र-अतिशूद्रांना शस्त्रही नाकारले आणि शिक्षणही नाकारले. युरोपातल्या दुबळ्या वर्गाला लष्करी सेवा, मताधिकार आणि शिक्षण ही तीन साधने मिळाली. इथे ती मिळू दिली नाहीत. म्हणजे हत्यार कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न या देशात पोलीस खात्याच्या आधी धर्मशास्त्राने सोडवला होता.

१८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आणला. परवाना देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर गेले, आणि सरकारची मर्जी अर्थातच वतनदार, जमीनदार, पदवीधारक यांच्यावर. आपल्या बापजाद्यांनी मात्र सरकारचीच बंदूक खांद्यावर वाहिली होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. तरीही १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती' नावाचा सिद्धांत पुढे करून महारांची लष्करभरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पुन्हा उभी राहिलेली महार रेजिमेंट यायला १९४१ साल उजाडावे लागले. गरज असली की हात लढाऊ, गरज सरली की हात अस्पृश्य.

आपला राजुरा, कोरपना, जिवतीचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. म्हणजे इथल्या वाड्यांवरच्या जुन्या बंदुका पोलीस पाटलापासून निजामापर्यंतच्या सत्तेच्या नात्यातून आलेल्या. आज त्या बंदुका वारसाहक्काने पुढे जातात. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे. सोय असायला हरकत नाही. पण वारसा त्यालाच मिळतो ज्याच्या आजोबाला मिळाले होते. ज्याच्या आजोबाला गावात चप्पल घालून फिरायला बंदी होती, त्याच्या नातवाला वारसाहक्काने काय मिळणार?

आणि समूहाच्या नावावर शस्त्रसवलत देता येत नाही, असे कोणी सांगितले तर त्याला कर्नाटकातले कोडगू दाखवा. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रज काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. त्यांची सवलत काढा, असे मी म्हणत नाही. समूहाची परंपरा पाहून सरकार शस्त्राचा विचार करू शकते, तर समूहावर होणारा अत्याचार पाहूनही करू शकते, एवढेच म्हणतो.

नियम तीन काय म्हणतो?

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. आपले बहुतेक कार्यकर्ते या कायद्याची कलमे तोंडपाठ म्हणतात, पण ती अत्याचार झाल्यानंतरची. गुन्हा नोंदवा, उपअधीक्षक दर्जाचा तपास अधिकारी नेमा, अर्थसहाय्य द्या. नियम तीन अत्याचार होण्याच्या आधीचा आहे. म्हणूनच तो कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्यात राज्य शासनाला काय सांगितले आहे ते सोप्या शब्दांत सांगतो. एक, अत्याचार होण्याची शक्यता असलेली क्षेत्रे निश्चित करा. दोन, जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना तिथल्या कायदा-सुव्यवस्थेचा आढावा घ्यायला लावा. तीन, आवश्यक वाटल्यास त्या क्षेत्रातल्या अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि मित्रांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करा. चार, बेकायदा बंदुका जप्त करा आणि त्या बनवणे बंद पाडा. पाच, जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने द्या. पुढे दक्षता समित्या, जाणीवजागृती केंद्रे, विशेष पोलीस दल आणि दर तिमाहीचा आढावा.

नीट वाचा. परवाना रद्द करणे आणि परवाना देणे हे 'आवश्यक वाटल्यास' आहे. पण क्षेत्रे निश्चित करणे आवश्यक वाटल्यास नाही. ते करायचेच आहे. कायद्याच्या कलम २१ मध्येही अशी क्षेत्रे ओळखण्याचे काम शासनावर टाकले आहे. पहिली पायरीच चढली नाही, तर तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर 'आवश्यक' वाटणार कोणाला आणि कशाच्या आधारावर?

वाघासाठी जमते, मतपेटीसाठी जमते

प्रशासनाला हे जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे घ्या.

पहिले ताडोबाचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३४ सांगते की अभयारण्यात आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानाधारकाने आपली नोंदणी वन्यजीव विभागाकडे करायची. त्या दहा किलोमीटरमध्ये मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना नाही. कारण उघड आहे. बंदूक जवळ असली की वाघाला धोका. वाघ मेल्यावर पंचनामा करून भागत नाही, आधीच काळजी घ्यावी लागते, हे कायद्याला कळले. इथे 'आवश्यक वाटल्यास' हा शब्द नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा आणि आपला नियम तीनही १९९५ चा. वाघ वाचला पाहिजे, यात वाद नाही. वाघाभोवती कायद्याने दहा किलोमीटरचे रिंगण आखले, बौद्धवाड्याभोवती मात्र किती मीटरचे, हे अजून कोणी मोजलेले नाही.

दुसरे उदाहरण निवडणुकीचे. आचारसंहिता लागली की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती बसते. जामिनावर सुटलेला परवानाधारक कोण, गुन्ह्याची पार्श्वभूमी कोणाची, दंगलीत नाव कोणाचे, याची यादी निघते आणि त्यांची हत्यारे ठाण्यात जमा होतात. काही आठवड्यांत हे काम होते. म्हणजे कोणाच्या हातातली बंदूक कोणत्या गावात घातक ठरू शकते, ही माहिती यंत्रणेकडे आहे. मतदानाच्या दिवशी ती कपाटातून बाहेर निघते आणि निकाल लागला की पुन्हा आत जाते.

"पण आपल्याकडे बंदुकीने अत्याचार होतच नाहीत"

हा आक्षेप आपल्यातलेच लोक घेतात, आणि तो खोटा नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत बंदूक नव्हती. सायकलच्या चेना होत्या, काठ्या-कुऱ्हाडी होत्या, आणि गाव होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना भर चौकात बांधून मारले. तिथेही बंदूक नव्हती. गडचांदूरहून वणी खुर्द लांब नाही. आपल्यातले अनेक जण तेव्हा निवेदन द्यायला गेले होते.

मग नियम तीनचा उपयोग काय? पहिला उपयोग बंदुकीचा नाहीच. पहिला उपयोग यादीचा आहे. ज्या गावात अत्याचाराची शक्यता आहे ते गाव आधी कागदावर यावे लागते. गाव कागदावर आले की तिमाही आढावा येतो, जाणीवजागृती केंद्र येते, पोलिसांची फेरी येते. आणि त्यानंतर काही घडले, तर "आम्हाला कल्पना नव्हती" हे वाक्य बोलण्याची सोय राहत नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला कायद्याचे कलम ४ लागते, त्यात सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण कसूर सिद्ध करायला आधी कर्तव्य कागदावर दिसावे लागते. त्यामुळे वणी खुर्दबद्दल आपण विचारायला हवा होता तो प्रश्न हा: हे गाव त्या यादीत होते का? नसेल, तर का नव्हते? आपण निवेदनात फाशीची मागणी केली, यादीची केली नाही.

दुसरा उपयोग माझ्या आईने पाहिलेल्या बंदुकीचा. न चाललेल्या बंदुकीचा गुन्हा होत नाही. तिचा बंदोबस्त फक्त गुन्ह्याच्या आधीच्या नियमानेच होऊ शकतो.

मग आपणही बंदुका मागायच्या का?

तरुण पोरांना पाचवी पायरी फार आवडते. "भाऊ, कायद्यातच आहे, आपल्याला परवाने द्या म्हणून मोर्चा काढू." मी त्यांना थांबवतो, आणि त्याचे कारण भित्रेपणा नाही.

बंदूक विकत घ्यायला आणि सांभाळायला पैसा लागतो. लोखंडी कपाट लागते, काडतुसांचा हिशेब लागतो. एक काडतूस कमी निघाले तर वतनदार काकांना चहा पाजून पुन्हा मोजतील. तुम्हाला काय विचारतील? त्यात हे चंद्रपूर-गडचिरोली आहे. इथे वाड्यातल्या पोराच्या हातात बंदूक दिसली तर लोक आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी काढतात. गोंड किंवा बौद्ध पोराच्या हातात दिसली तर पहिला प्रश्न नक्षलवादाचा येतो. गडचिरोलीतल्या आदिवासी गावांनी पिकांच्या राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या भरमार बंदुका पोलिसांच्या आवाहनानंतर स्वतःहून जमा केल्या. खरे तर शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. पण तो कागद जंगलातल्या त्या घरापर्यंत पोचला नाही. कागद नसलेली बंदूक गरिबाच्या घरात संरक्षण राहत नाही, ती खटला होते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितले की घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर रक्तरंजित मार्ग सोडून दिला पाहिजे. १६ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्या चंद्रपुरात येऊन धम्मदीक्षा दिली. ज्या समाजाने त्या मैदानात पाणातिपाताचे शील घेतले, त्याने बंदुकीचा शौक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण शील घेतले म्हणजे दुसऱ्याच्या बंदुकीपुढे मान खाली घालायची, असाही त्याचा अर्थ नाही. ज्या कुटुंबाला खरोखर धोका आहे, साक्षीदार आहे, गावाने वाळीत टाकले आहे, त्याने पाचव्या पायरीचा अर्ज जरूर करावा. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. चळवळीची मागणी मात्र पहिल्या तीन पायऱ्यांची असली पाहिजे. आपल्या हातात बंदूक येण्यापेक्षा त्याच्या ओट्यावरची बंदूक शस्त्रागारात जाणे, हे गावाच्या जास्त हिताचे आहे.

आता कामाचे

भाषण पुरे. फाईल कशी लावायची ते सांगतो, माझा धंदाच तो आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला करा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून मोठे निबंध लिहू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रश्न असे ठेवा: नियम ३ खाली जिल्ह्यातली कोणती क्षेत्रे निश्चित केली आणि शेवटची यादी कोणत्या तारखेची? त्या क्षेत्रांत गेल्या पाच वर्षांत किती शस्त्रपरवाने रद्द केले, किती शस्त्रे जमा केली? अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचे परवान्यासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले? एवढेच. कोणाची नावे मागू नका. नावे मागितली की खासगी माहितीचे कारण पुढे करून सगळा अर्ज फेटाळतील. आकडे आणि तारखा मागा.

दुसरा, वेगळा अर्ज नियम १७ खालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा. ही समिती जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा तरी बसायची असते. गेल्या तीन वर्षांच्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्ते मागा. वर्षाला चार, म्हणजे तीन वर्षांच्या बारा व्हायला पाहिजेत. किती निघतात ते मोजा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. अर्ज करून विसरून जाण्याची आपली सवय अधिकाऱ्यांना चांगली ठाऊक आहे.

उत्तर आले की ते व्हॉट्सअॅपवर फिरवून मोकळे होऊ नका. आपल्या तालुक्यातल्या ज्या गावांत गेल्या दहा वर्षांत अत्याचाराचे गुन्हे दाखल झाले त्यांची यादी स्वतः करा. गुन्हा क्रमांक, तारीख, ठाणे. ती यादी आणि शासनाची यादी शेजारी ठेवा. जी गावे आपल्या यादीत आहेत आणि त्यांच्या यादीत नाहीत, तेवढ्याच गावांचे निवेदन द्या. पाचशे लोकांच्या मोर्च्याने जे होत नाही, ते अशा दोन पानांनी होते. मोर्चा संपतो. पानावर मात्र आवक क्रमांक पडलेला असतो.

मित्रांनो, त्या काकांकडून मी एक गोष्ट शिकलो. सरकार तपासायला येणार म्हटल्यावर त्यांनी तीन दिवस खपून एक-एक काडतूस मोजले, कारण एक आकडा चुकला तर घराण्याची बंदूक जाईल ही त्यांना धास्ती होती. नियम तीन हा आपला परवाना आहे. तो आपण एकदाही कोणाला दाखवला नाही, आणि शासनाकडेही त्याचा हिशेब एकदाही मागितला नाही. या वेळी तपासणी आपण घ्यायची आहे. प्रश्न आपले, तारखा आपल्या, आणि मोजणीही आपली.

माझ्या दुकानात कोरे अर्ज ठेवले आहेत. स्टॅम्पचे दहा रुपये तेवढे घेऊन या.

जयभीम!